सांताक्रूझमार्गे गेलेले सोने : रुपयाच्या ओघाबरोबर कोण, ओघाविरुद्ध कोण? (थ्रेड)

१/
जुलै १९९१. मुंबईच्या फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेच्या तिजोऱ्यांतून सोन्याच्या विटा कडेकोट बंदोबस्तात उत्तरेकडे निघाल्या. त्यांना जायचे होते विमानतळावर. सहारचे टर्मिनल सुरू होऊन दहा वर्षे लोटली होती, तरी जुन्या मुंबईकरांच्या तोंडी त्या विमानतळाचे नाव ‘सांताक्रूझ’ हेच होते. ४ ते १८ जुलै या दोन आठवड्यांत चार खेपांमधून ४६.९१ टन सोने देशाबाहेर गेले.

२/
ही घटना बहुधा राष्ट्रीय नामुष्कीची कहाणी म्हणून सांगितली जाते. तिच्या मुळाशी मात्र चलनबाजारातील एक जुना प्रश्न आहे. एखाद्या चलनाचा भाव एका दिशेने सरकू लागला, की त्याच दिशेने जावे की त्याच्या विरुद्ध उभे राहावे? हे सोने ज्या निर्णयांमुळे बाहेर गेले, त्यांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पणाला लागल्या होत्या.

३/
बाजारात या प्रश्नावरून दोन पंथ पडतात. पहिला पंथ ‘वारा वाहील तशी पाठ द्यावी’ असे मानणारा. भाव का सरकतो आहे, याची तो फारशी चिकित्सा करत नाही. सरकतो आहे, एवढे त्याला पुरते. दुसरा पंथ म्हणतो, की भाव त्याच्या रास्त मोलापासून फार दूर गेला आहे, तो परतेल. पहिल्याचे नुकसान भाव वळताना होते. दुसऱ्याचे नुकसान भाव वळेपर्यंत होत राहते. म्हणूनच दुसऱ्या पंथाला गाठीशी मोठे भांडवल लागते.

४/
चलनबाजारात याखेरीज एक तिसरा गडी असतो : सरकार आणि त्याची मध्यवर्ती बँक. नफा हा त्याचा हेतू नसतो. भावाची घसरण किंवा चढण थोपवणे, निदान तिचा वेग कमी करणे, यासाठी तो बाजारात उतरतो. स्वभावाने तो ओघाविरुद्ध व्यवहार करणारा. त्याने केव्हा जिंकावे आणि केव्हा हरावे, याचा एक धडा मुंबईने १९९१ च्या फार पूर्वी पाहिला होता.

५/
पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चांदीचे भाव भडकले. रुपया चांदीचा असल्याने त्याचा विनिमयदरही एक शिलिंग चार पेन्सवरून टप्प्याटप्प्याने चढत गेला. पुढे काय करावे, हे ठरवण्यासाठी बॅबिंग्टन स्मिथ समिती नेमली गेली. रुपयाचा दर सोन्याच्या मापाने दोन शिलिंग ठरवावा, अशी बहुमताची शिफारस होती. समितीत विरोधी मत नोंदवणारे एकच सदस्य होते, मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल. दर एक शिलिंग चार पेन्सवरच असावा, असे त्यांनी लिहिले.

६/
फेब्रुवारी १९२० मध्ये सरकारने बहुमताची शिफारस स्वीकारली. नेमका त्याच सुमारास वारा फिरला. चांदी उतरू लागली, निर्यात मंदावली आणि रुपयाही घसरू लागला. दर टिकवण्यासाठी सरकारने ‘रिव्हर्स कौन्सिल’ हुंड्या विकल्या. येथे रुपये भरावेत आणि लंडनमध्ये बाजारापेक्षा स्वस्तात पौंड घ्यावेत, असा तो व्यवहार. त्यावर अर्थातच झुंबड उडाली.

७/
सप्टेंबर १९२० अखेर साडेपाच कोटी पौंडांहून अधिक रकमेच्या हुंड्या विकून सरकारने हात टेकले. पुढल्याच वर्षी रुपया एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली गेला. सरकारने भरतीच्या माथ्यावर दर ठरवला आणि ओहोटी लागल्यावर त्या दरासाठी खजिना ओतला. तो खजिना हिंदुस्थानचा होता. १९२३ मध्ये डॉ. आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तो याच उलथापालथीच्या पार्श्वभूमीवर. रुपयाच्या बाहेरील दरापेक्षा त्याच्या देशांतर्गत क्रयशक्तीचे स्थैर्य अधिक महत्त्वाचे, अशी त्यांची मांडणी होती.

८/
स्वातंत्र्यानंतर दर सरकारच ठरवी. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेला गेला. सप्टेंबर १९७५ मध्ये रुपया अनेक चलनांच्या टोपलीशी जोडण्यात आला. १९७८ मध्ये बँकांना दिवसाच्या दिवसात परकीय चलनाची खरेदी-विक्री करण्याची मुभा मिळाली आणि मुंबईत चलनव्यवहाराचा बाजार आकार घेऊ लागला.

९/
१९८० च्या दशकात सरकारने रुपया एकदम न पाडता हळूहळू उतरू दिला. दशकाच्या आरंभी डॉलर सुमारे ८ रुपयांना होता, १९९० च्या शरदात तो सुमारे १८ रुपयांवर गेला. राजकीयदृष्ट्या ही सोयीची वाट होती. ‘अवमूल्यन’ हा शब्द उच्चारावा लागत नव्हता. परंतु या वाटेने बाजाराला एक सवयही लावली. रुपया उद्या आजच्यापेक्षा थोडा स्वस्तच असेल, हे सर्वांना ठाऊक झाले.

१०/
या सवयीचा अर्थ समजण्यासाठी पुन्हा सांताक्रूझचे नाव घ्यावे लागते. अंधेरी पूर्वेतील ‘सीप्झ’ ही वसाहत १९७३ मध्ये स्थापन झाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतील ‘एस’ म्हणजे सांताक्रूझ. सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन हे तिचे पूर्ण नाव. प्रथम इलेक्ट्रॉनिक्स आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रत्ने-दागिने, असा माल येथून विमानतळामार्गे परदेशी जाऊ लागला. निर्यातदार ही मुंबईच्या उपनगरांतील ठळक जमात झाली.

११/
देशातील कोणताही सर्वसाधारण निर्यातदार घ्यावा. त्याचे परदेशातील ग्राहकाकडून एक लाख डॉलर यायचे आहेत. ते देशात आणायला कायद्याने सहा महिन्यांची मुदत आहे. रुपया उतरतो आहे हे दिसत असताना तो पहिल्या महिन्यात डॉलर का आणील? जून १९९१ च्या अखेरीस त्याचे सुमारे २१ लाख रुपये झाले असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर तेच सुमारे २६ लाख झाले. थांबण्याचे फळ पाच लाख रुपये.

१२/
आयातदाराचे गणित नेमके उलटे. त्याला डॉलर द्यायचे आहेत आणि डॉलर महागतो आहे. म्हणून तो पुढल्या महिन्याचे देणे आजच भागवतो. एकाची दिरंगाई आणि दुसऱ्याची घाई यांनी बाजारात एकाच वेळी डॉलरचा पुरवठा आटतो आणि मागणी फुगते. रुपया आणखी उतरतो आणि दोघांचाही अंदाज खरा ठरतो.

१३/
यातला कोणीही सट्टेबाज नव्हता. प्रत्येक जण आपल्या पेढीचे हित सांभाळत होता. तरीही सर्वांच्या शहाणपणाची बेरीज देशाच्या गंगाजळीला गळती लावणारी होती. रुपयाच्या इतिहासात ओघाबरोबर जाणारा पंथ शोधायचा, तर तो अशा हिशेबाच्या वह्यांतच अधिक सापडतो. आणि सरकारच्या संथ, अंदाज बांधता येणाऱ्या माघारीने त्याला थांबण्याचे बक्षीसच देऊ केले होते.

१४/
ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले. तेल भडकले, आखातातील भारतीयांची कमाई धोक्यात आली, दिल्लीत सरकारे डळमळली, देशाची पत घसरली. परदेशी बँकांनी अल्पमुदतीची कर्जे वाढवून देण्याचे थांबवले. जानेवारी १९९१ मध्ये गंगाजळी सुमारे १.२ अब्ज डॉलर उरली होती. त्यानंतरच्या महिन्यांत तर दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरताच साठा असल्याचे दिवस आले.

१५/
ऑक्टोबर १९९० पासून अनिवासी भारतीयांच्या ठेवीही बाहेर जाऊ लागल्या. यात एक बारकावा आहे. परकीय चलनातील या ठेवींचा विनिमयाचा धोका तेव्हा रिझर्व्ह बँक स्वतः उचलत असे. रुपया पडला तरी ठेवीदाराचे डॉलर शाबूत राहणार होते. त्याला भीती दराची नव्हती, दार बंद होण्याची होती. म्हणजे ओघ आता भावापुरता राहिला नव्हता. देश देणी चुकवील का, या शंकेचा तो ओघ झाला होता.

१६/
गव्हर्नर एस. वेंकिटरमणन यांच्या रिझर्व्ह बँकेने प्रथम आयातदारांची घाई रोखली. आयातीसाठी बँकेत ठेवायची रोख अनामत वाढवत एप्रिल १९९१ मध्ये २०० टक्क्यांपर्यंत नेली. कारखान्यांना कच्चा माल मिळेना. मे महिन्यात सरकारने आपल्याकडील २० टन सोने स्टेट बँकेमार्फत, परत विकत घेण्याच्या अटीवर, युनियन बँक ऑफ स्वित्झर्लंडला विकले.

१७/
ते २० टन सोने होते तस्करांकडून जप्त केलेले. सुवर्ण नियंत्रणाच्या काळात समुद्रकिनाऱ्यांवर आणि विमानतळांवर पकडले गेलेले हे सोने मुळात ओघाबरोबर जाणाऱ्यांचेच. रुपयावरचा अविश्वास सोन्याच्या रूपाने देशात शिरत होता आणि त्याचे पैसे हवालामार्गे चुकते होत होते. त्याच सोन्यावर आता रुपयाची पत सावरण्याची वेळ आली.

१८/
२१ जून १९९१ रोजी नरसिंह राव यांचे सरकार आले, डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री झाले. १ जुलै रोजी रुपयाचे मोल सुमारे ९ टक्क्यांनी उतरवण्यात आले. ३ जुलै रोजी आणखी सुमारे ११ टक्क्यांनी. डॉलर सुमारे २१ रुपयांवरून सुमारे २६ रुपयांवर गेला. सरकारी वर्तुळात या दुपदरी कारवाईचे सांकेतिक नाव होते ‘हॉप, स्किप अँड जंप’.

१९/
पहिल्या पायरीनंतर उसळलेल्या टीकेने पंतप्रधान अस्वस्थ झाले आणि दुसरी पायरी थांबवावी, असे त्यांनी सुचवले. ३ जुलैच्या सकाळी डॉ. सिंग यांनी डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना दूरध्वनी केला. रंगराजन यांनी सांगितले की नवा दर आधीच जाहीर झाला आहे. उभयतांच्या निकटवर्तीयांनी आणि स्वतः रंगराजन यांनी ही हकिकत पुढे सांगितली आहे.

२०/
तो दूरध्वनी अर्धा तास आधी गेला असता तर? बाजाराला कळले असते, की सरकार आणखी उतरू इच्छिते पण धजत नाही. मग प्रत्येक निर्यातदार दुसऱ्या पायरीची वाट पाहत डॉलर रोखून बसला असता. पहिली पायरी केवळ भूक चाळवणारी ठरली असती. दोन्ही पायऱ्या तीन दिवसांत संपल्याने थांबण्याचे बक्षीस संपले. जे व्हायचे ते होऊन गेले होते. आता डॉलर रोखण्यात लाभ कमी आणि धोका अधिक होता.

२१/
आणि दुसऱ्याच दिवशी, ४ जुलैला, सोन्याची पहिली खेप निघाली. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून ४०.५ कोटी डॉलरचे कर्ज या तारणावर मिळाले. कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेच्या सोन्याचा वीसपैकी किमान सतरा भाग भारतात ठेवणे बंधनकारक होते. ४६.९१ टन हा आकडा त्या मर्यादेच्या आत, जवळजवळ काठावर बसत होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शंकर अय्यर यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये ही बातमी फोडली आणि देशभर खळबळ माजली.

२२/
अवमूल्यन आणि सोने ही एकाच डावाची दोन अंगे होती. ओघातला जो भाग खरा होता, म्हणजे रुपया महाग ठेवला गेला होता हे वास्तव, ते अवमूल्यनाने मान्य केले. ओघातला जो भाग घबराटीचा होता, म्हणजे देश देणी बुडवील ही धास्ती, तिच्याविरुद्ध सोने उभे केले. १९२० मध्ये सरकार दोहोंविरुद्ध एकाच वेळी लढले होते.

२३/
वर्षाअखेरीपर्यंत कर्ज फिटले आणि सोने तारणातून मोकळे झाले, मात्र ते बाहेरच राहिले. मार्च १९९२ पासून परतणाऱ्या अनिवासी भारतीयांना परकीय चलनात शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने आणण्याची मुभा मिळाली. जे सोने आजवर चोरवाटेने यायचे, ते सहारच्या कस्टम्सपुढे पावती फाडून येऊ लागले. मार्च १९९२ मध्ये दुहेरी दर आणि मार्च १९९३ मध्ये बाजाराने ठरवलेला एकच दर, अशी पुढली वाटचाल झाली.

२४/
ज्या बँक ऑफ इंग्लंडकडे भारताचे सोने गेले, तिलाच पुढल्या वर्षी तीच परीक्षा द्यावी लागली. १६ सप्टेंबर १९९२ रोजी पौंडाचा युरोपीय व्यवस्थेतील ठरीव दर वाचवण्यासाठी तिने अब्जावधी ओतले. व्याजदर एका दिवसात १० वरून १२ टक्क्यांवर नेला, १५ टक्क्यांची घोषणाही केली. संध्याकाळी ब्रिटनने माघार घेतली. जॉर्ज सोरोस यांच्या फंडाने सुमारे एक अब्ज डॉलर कमावले. ठरीव दराने सटोडियांना एकेरी पैज देऊ केली होती. जिंकले तर अमाप, हरले तर किरकोळ.

२५/
भारतानेही वेगळ्या वळणाने हा मोह अनुभवला. मार्च १९९३ नंतर डॉलर दोन वर्षांहून अधिक काळ ३१.३७ रुपयांच्या आसपास जणू खिळून राहिला. दर बाजाराचा, पण प्रत्यक्षात रिझर्व्ह बँक डॉलर खरेदी करून रुपयाची चढण थोपवत होती. दर हलतच नाही म्हटल्यावर अनेकांनी धोक्याचा विमाही उतरवला नाही. १९९५ च्या शरदात रुपया घसरला, तेव्हा घाई आणि दिरंगाईची जुनी जोडी पुन्हा अवतरली.

२६/
ऑगस्ट १९९७ मध्ये गोव्यात चलनव्यापाऱ्यांच्या परिषदेत डेप्युटी गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी बोलले. काही निर्देशांकांच्या मापाने रुपया वाजवीपेक्षा महाग दिसतो, असे त्यांनी सूचित केले. थायलंडचे चलन जुलैत कोसळलेलेच होते. बाजाराने ते भाषण इशारा समजून रुपया उतरवला. जानेवारी १९९८ मध्ये तो चाळिशीच्या घरात गेला, तेव्हा बिमल जालन यांच्या रिझर्व्ह बँकेने बँक रेट ९ वरून ११ टक्क्यांवर नेऊन तो ओघ अडवला. ज्या बँकेने ओघाला वाट दाखवली, तिनेच त्याला बांध घातला.

२७/
२००८ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजारात चलनाचे वायदे सुरू झाले. सांताक्रूझच्या कलिना भागाला लागूनच असलेल्या या संकुलात ओघाबरोबरचा आणि ओघाविरुद्धचा, दोन्ही व्यवहार आता पडद्यावर होऊ लागले. २०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेतील पैशाचा ओघ आखडण्याची चाहूल लागली आणि २८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला.

२८/
जुलैत बँकांना स्वतःच्या खात्यावर चलनवायदे करण्यास मनाई झाली, सोन्यावरील आयातशुल्क ऑगस्टमध्ये १० टक्क्यांवर गेले. या उपायांनी रुपया सावरला नाही. फरक पडला तो पुढच्या दोन पावलांनी. रिझर्व्ह बँकेने सरकारी तेल कंपन्यांना थेट डॉलर देऊन सर्वांत मोठ्या आयातदारांची घाई बाजारातून बाहेर काढली. ४ सप्टेंबरला रघुराम राजन यांनी पदभार घेताच अनिवासी ठेवींसाठी सवलतीच्या दराची सोय जाहीर केली. नोव्हेंबरअखेर ३४ अब्ज डॉलर आले. ६८ रुपयांना डॉलर घेऊन बसलेल्यांसमोर ऑक्टोबरात ६१-६२ चा दर होता.

२९/
या सर्व प्रसंगांत एक सूत्र दिसते. मध्यवर्ती बँक विशिष्ट आकड्यासाठी लढली, तेव्हा तिने ओघाबरोबर जाणाऱ्यांना खात्रीचा नफा देऊ केला. १९२० चा दोन शिलिंगांचा दर हे त्याचे ढळढळीत उदाहरण. रुपया हळूहळू, अंदाज येईल असा उतरू दिला, तेव्हाही तेच झाले. ती यशस्वी झाली, ते पैजेचे एकेरीपण मोडल्यावर : डॉलर रोखणाऱ्यालाही तोटा होऊ शकतो, हे दिसल्यावर. दर कोणत्या पातळीला असावा हे न सांगता केवळ अवाजवी चढउतार रोखण्याची जी भाषा रिझर्व्ह बँक आज वापरते, तिच्या मागे हा अनुभव आहे.

३०/
२०२३-२४ या आर्थिक वर्षात रिझर्व्ह बँकेच्या देशांतर्गत तिजोऱ्यांतील सोने शंभर टनांहून अधिकने वाढले. त्यात ब्रिटनमधून परत आणलेल्या सोन्याचा वाटा मोठा होता. १९९१ च्या चार खेपांत गेले, त्याच्या दुपटीहून हे अधिक. या वेळी ते परत आणण्यामागे कोणत्याही घसरणीची घाई नव्हती.

(समाप्त)